मानलेल्या भावाचं भाषण

आमच्या पौडच्या पट्ट्यातल्या कारखान्यात पहिली युनियन त्यानं आणली, हे मी नाकारत नाही. माझ्या शेजारच्याच प्रेस मशीनवर होता. गेटवर स्टुलावर उभा राहून बोलायला लागला की साहेब लोक खिडक्या लावून घ्यायचे. संपात आमच्या चुलीवर रोज पाटीभर भाकरी व्हायच्या. बायको ती पाटी डोक्यावर घेऊन गेटवर यायची. तिला सख्खा भाऊ नव्हता. त्या भाऊबीजेला तिनं त्याला पाटावर बसवून ओवाळलं. तो म्हणाला, "ताई, आजपासनं तुजं माहेर मी."

संप मिटवायला तो एकटाच आत गेला अन् गळ्यात हार घालून बाहेर आला. आम्ही गुलाल उधळला. दुसऱ्या दिवशी संपात पुढं पुढं करणाऱ्या आम्हा सगळ्यांना वॉचमननं गेटवरच अडवलं. नोकरी गेली, मी घरच्या शेतात भात लावत बसलो. तो निवडून येत राहिला, आधी पंचायत समिती, मग जिल्हा परिषद. कायम नोकरीसाठी घसा फोडणाऱ्या ह्या माणसानं पुढं मजूर पुरवायचा ठेका घेतला. हिंजवडीच्या कंपन्यांना आता तोच कच्ची, कधीही काढता येणारी माणसं पुरवतो. माझा पोरगाही त्याच्याकडंच. मी शिव्या घालायचो.

"माज्या भावाला न्हाई बोलायचं," बायको म्हणायची. "राजकारणात आसतंय तसं." दर भाऊबीजेला पाट मांडून ठेवायची. तो काही यायचा नाही.

ती कुंकवानं गेली. आमच्यात अशा बाईच्या अंगावर शेवटची साडी माहेरची घालतात. भाऊ आणतो. जायच्या आधी तिनं तेवढंच मागितलं होतं. पोरानं फोन लावला. "निघालोच," म्हणाला. आम्ही तिला अंगणात ठेवून वाट बघत बसलो. ऊन डोक्यावर आलं, भावकीतली माणसं कुजबुजायला लागली. परत फोन केला तर त्याच्या माणसानं उचलला. "साहेब मीटिंगमदी हायेत. तुमी उरकून घ्या." शेवटी शेजारणीनं आपल्या पेटीतली कोरी हिरवी साडी आणून तिच्या अंगावर घातली.

दहाव्याला मात्र गाड्या घेऊन आला. आमच्याकडं नदीवर दहाव्याला पुढाऱ्यांची भाषणं होतात. कोण गेलं ह्यापेक्षा बोलायला कोण आलं ते लोक बघतात. त्यानं माईक घेतला. संपातल्या भाकरींचं बोलला. आवाज तोच, गेटवरचा. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. मग म्हणाला, "माहेरची शेवटची साडी ताईच्या अंगावर मी ह्या हातानं घातली."

मी बसल्या जागेवरून ओरडलो, "साडी शेजारणीनं दिली! तू कुटं होतास?"

पोरानं माझा दंड धरला. "आबा, गप बसा की. माजं काम हाय त्यांच्याकडं."

तो जरासुद्धा गडबडला नाही. माईकमध्येच म्हणाला, "दाजी लई दुःखात हायेत. समजून घ्या मंडळी."

मंडळींनी समजून घेतलं, माना हलवल्या. मी शेजारणीकडं बघितलं. ती खाली मान घालून पदराचं टोक पिळत बसली होती. तिचाही पोरगा त्याच्याच ठेक्यावर.

भाषण संपवून तो माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला. "दाजी, काय लागलं तर सांगा."

"माईक दे," मी म्हणालो.

त्यानं तो पुढच्या पुढाऱ्याच्या हातात दिला.