जवाईबापूंची बर्फाची पेटी

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. नाही, राहू द्या. आमच्या सौभाग्यवतींनीही कबूल केलं होतं, आणि त्या अजून हसताहेत.

तर माझे सासरे. मी त्यांना मामाजी म्हणतो. वनखात्यात गार्ड होते, सगळी नोकरी सातपुड्याच्या पायथ्याला गेली. उन्हाळ्यात ते आमच्याकडे संग्रामपूरला राहायला येतात आणि आले की एकच धोसरा, "एक रात तरी मले आखीन त्या नाल्यावर झोपायचं हाय." हे माझ्या साडूंच्या, पुण्याच्या मिलिंदरावांच्या कानावर गेलं. त्यांनी लगेच फोनवरून जाहीर केलं, "बाबा, या शनिवारी कॅम्पिंगला जायचं! तंबू मी घेऊन येतो."

मामाजींना कोण आनंद! सगळ्या आळीत सांगत फिरले, "पाहा, पुण्याचे जवाई! मनातलं ओळखते मानूस!"

आणि मी? दवाखान्यात नेणारा मी, चष्म्याची काडी बसवून आणणारा मी, पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला काढून देणारा मी. पण लग्न झाल्यापासून त्यांच्या तोंडून माझ्याबद्दल एक चांगला शब्द निघाला असेल तर शपथ! नाही म्हणायला एकदा म्हणाले होते, "विलासरावचं अक्षर बरं हाय." बस. तेवढ्यावर मी संसार रेटतोय.

म्हणून या सहलीत काहीतरी असं करून दाखवायचं की मामाजींनी चारचौघांत माझं नाव काढलं पाहिजे, असं मी ठरवलं. तेवढ्यात मिलिंदरावांनीच संधी दिली.

"विलासराव, तुम्ही फक्त एक चांगला हार्ड कूलर बघून ठेवा. दणकट हवा हं, जंगलातलं काम आहे. एवढं जमेल ना?"

जमेल ना? कूलरचं? वऱ्हाडातल्या माणसाला विचारता? अहो, आमच्याकडे लेकरू जन्मलं की आधी कूलरसमोर ठेवतात, मग बापाला दाखवतात!

तडक राजूभाऊच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो.

"राजू, कूलर दाखव. हार्ड पाह्यजे."

"हार्ड म्हन्जे?"

"पत्र्याचा बे! प्लास्टिकचं काही दाखवू नको. मजबूत दे. जंगलात न्यायचा हाय."

"जंगलात?" राजू माझ्याकडे पाहत राहिला. "तिथं कोनाले हवा घालता?"

कूलरला दोन लाथा घालून पाहिल्या, पत्रा वाकला नाही. गवताच्या जाळ्या नव्या होत्या. टेम्पोत घालून घरी आणला आणि अंगणात उतरवून विजयी मुद्रेने उभा राहिलो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, बाहेर आली.

"हे काय आनलं?"

"कूलर. हार्ड."

"अन् जंगलात पिन कोठी खोचसान? सागाच्या झाडाले?"

हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. तिने कपाळावर हात मारला आणि मोबाईलवर एक चित्र दाखवलं. निळा, जाड भिंतींचा, झाकणाचा डबा.

"पुन्यात ह्याले कूलर म्हन्तात. बर्फाची पेटी हाय ही, बर्फाची पेटी! खान्यापेन्याचं थंड ठेवाची!"

"मले मालूम होतं," मी म्हणालो. "तुले मालूम हाय का, थे पाह्यत होतो."

कूलर परत गेला. राजू काय म्हणाला ते सांगण्यासारखं नाही. मग मी मिलिंदरावांकडून पेटीची लक्षणं मागवून घेतली. भिंती जाड हव्यात, झाकण घट्ट, त्याला रबर हवं, वितळलेलं पाणी काढायला खाली तोटी, उचलायला दोन्ही बाजूंना कड्या, आणि वर माणूस बसला तरी मोडायला नको. मुलगी बघायला जातानाही आमच्या घरच्यांनी इतक्या अटी घातल्या नव्हत्या!

सगळा बाजार पालथा घातला. जिथे जावं तिथे शाळेच्या पाण्याच्या बाटलीचा थोरला भाऊ दाखवायचे. अंगठ्याने दाबलं की खड्डा! शनिवार उजाडला, दुपारची जेवणं झाली, पुण्याची गाडी संध्याकाळी येणार, आणि माझ्याकडे पेटीचा पत्ता नाही. तेव्हा मला एकदम आठवले गजूभाऊ मंडपवाले. लग्नात ते थंड बाटल्या बर्फात घालून ठेवतात की नाही? मग? लावला फोन.

"गजूभाऊ, तुमच्यापाशी बर्फाची पेटी हाय न?"

तिकडून हळू आवाज आला, "हाय न भाऊ. कवा पाह्यजे?"

"आत्ताच्या आत्ता. साडू पुन्याहून निघाले हायेत. थे येईलोक थंड राह्यलं पाह्यजे."

"बराबर हाय. उन्हायाचे दिवस. वास सुटते."

"तेच म्हन्तो मी! झाकन घट्ट हाय न? रबर? पानी जायाले तोटी?"

"सगळं हाय. तुमी कायजी करू नका. लांबी किती लागन?"

लांबी? हे मिलिंदरावांनी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "मामाजीले इचारलं असतं, पन थे आडवे झाले."

"कोन, सासरे? अरेरेरे! कवा झाले?"

"हे काय, आत्ताच. जेवून उठले अन् झाले आडवे."

"भरल्या पोटानं! भाग्यवान मानूस."

"हाव न. त्याइचं तसंच हाय. काही तरास नाही, पडल्या पडल्या लागते." मी झोपेबद्दल बोलत होतो हो!

"तुमी घरीच थांबा भाऊ," गजूभाऊ हळहळले. "बाकी सगळं मी पाह्यतो."

फोन ठेवताना मला अगदी भरून आलं. आजच्या जमान्यात एका पेटीसाठी इतका जीव लावणारी माणसं आहेत कुठे? तुम्हाला एव्हाना कळलं असेल. मला नाही कळलं!

थोड्या वेळाने शेजारचे पांडूकाका आले. मागे आणखी चारपाच जण, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, खांद्यावर उपरणी. मला वाटलं, आमच्या कॅम्पिंगची बातमी फुटली आणि मंडळी बघायला आली.

"या या! बसा!" मी हसत म्हणालो.

पांडूकाकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "विलासराव, धीर धरा."

"धीर कायले धरू? किती दिवसापासून वाट पाहून राह्यलो होतो, आज योग आला!"

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी हळूच म्हणालं, "धक्का बसला त्याले."

पांडूकाकांनी विचारलं, "पुन्याले फोन करू का?"

"करा न! म्हना, सगळी तयारी झाली, लवकर या."

"लाकडं किती सांगू?"

"भरपूर सांगा," मी म्हणालो. "मामाजीले मोठा जाळ आवडते."

एक म्हातारे गृहस्थ पायरीवर मटकन बसले. मी त्यांना पाणी दिलं. घरात सुनंदा मिक्सरवर ठेचा वाटत होती, तिला बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. नाहीतर तिथेच सगळं थांबलं असतं.

मग गजूभाऊंची गाडी आली. चौघांनी अलगद पेटी उतरवली. वरून पांढरी चादर, खाली चकचकीत स्टील. मी पुढे होऊन बाजूला टकटक केलं. भिंत जाड! वाकून पाहिलं, तोटी आहे! कड्या तर दोन्ही बाजूंना दोन-दोन! अंगणात इतकी माणसं उभी होती, त्यांच्यासमोर मी पेटीभोवती फिरून फिरून खूश होत होतो.

"वा गजूभाऊ! थोडी लांब हाय, पन मजबूत हाय. वर मानूस बसला तं चालन न?"

गजूभाऊंनी चादरीचं टोक धरलं. "वर कोन बसते भाऊ? आतमंदी झोपवतात." आणि त्यांनी चादर ओढली.

वर काच होती.

आमच्या तालुक्यात बर्फाची पेटी म्हणजे एकच पेटी. बाहेरगावचे नातेवाईक येईपर्यंत मयत ठेवायची. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. गावाने ती घेऊन गजूभाऊंकडे ठेवली, तेव्हा वर्गणी काढायला मीच घरोघर फिरलोय! पण डोक्यात निळा डबा बसला होता ना. ज्या माणसाच्या हयातीचा दाखला मी दरवर्षी काढतो, त्याला मीच फोनवरून मारून मोकळा झालो होतो!

मी तोंड उघडणार, एवढ्यात माझ्यामागे घराचं दार करकरलं. मामाजी झोपेतून उठून बाहेर आले. अंगणात टोप्या, गंभीर चेहरे, मध्ये पेटी. जुना माणूस, असा प्रसंग त्यांना नवा नव्हता. त्यांनी उपरणं खांद्यावर घेतलं, येऊन पांडूकाकांच्या शेजारी मान खाली घालून बसले आणि लांब उसासा टाकला.

"लय वाईट झालं," मामाजी म्हणाले. "कोन गेलं हो?"

पांडूकाका बसल्या जागेवरून उडाले ते थेट तुळशीपाशी. कुणी "राम राम" म्हणू लागलं, कुणी चपला सोडून पळालं. सुनंदा धावत बाहेर आली आणि अगदी त्याच क्षणी, माझं नशीब बघा, पुण्याची गाडी फाटकात थांबली. मेहुणी हंबरडा फोडतच उतरली, "बाबाऽऽ!"

"काऊन रडते वं?" मामाजी चिडले. "मले सांगा न कोनी, कोन गेलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

काय सांगता! सांगितलं सगळं, अथपासून इतिपर्यंत. मेहुणी रडता रडता हसायला लागली, सुनंदाने पदरात तोंड घातलं. मिलिंदरावांनी डोळे पुसले, डिकी उघडली आणि एक निळा, जाड, सुंदर कूलर बाहेर काढला. "म्हटलं, असावा एक जास्तीचा," ते म्हणाले. मेलेल्याला मारणं म्हणतात ते हेच.

मामाजी मात्र हसले नाहीत. उठले, पेटीभोवती एक फेरी मारली, काच टिचकीने वाजवून पाहिली आणि मला म्हणाले, "चाला, तंबू भरा गाडीत." त्यांच्या मनाचा थांग लागेना. ती रात्र नाल्याकाठी ते मजेत घोरले, मीच जागा. मला वाटलं, संपलं. आता अक्षराचंही कौतुक गेलं.

पण नाही! परत आल्यापासून मामाजी पारावर बसले की चारचौघांत माझंच नाव काढतात. कुणीही भेटो, थांबवून सांगतात, आणि मला समोर उभं करून सांगतात.

"पुन्याचे जवाई फिरवून आनतात, थे खरं हाय. पन सोय पाहावं तं आमच्या विलासरावनं! मी जित्ता हावो तवाच पेटी ठोकून, रबर पाहून, पसंत करून ठेवली. असा जवाई भेटाले नशीब लागते!"