चावीचा कौल

परशुराम माझा पाठचा भाऊ. मी भगवती, त्याची थोरली बहीण. माझं घर त्याच्या घराला लागूनच, मधे फक्त लिचीचं झाड. त्याच्याबद्दल लोक काहीबाही बोलतात, म्हणून म्हटलं मीच सांगते. वेडा नव्हता हो तो. हट्टी होता, देवभोळा होता, बायकोचं म्हणणं कधी धड ऐकून घेतलं नाही हेही खरं. पण आमच्या ग्रां बुआ गावात त्याच्यासारखा टॅक्सीवाला पुन्हा झाला नाही. म्हाताऱ्या बाईला हात धरून उतरवायचा, पिशवी दारापर्यंत नेऊन द्यायचा. त्याच्या गाडीत कोणी शिवी दिली तर गाडी थांबवून म्हणायचा, "उतर खाली, चालत जा."

ऐंशी सालाच्या आसपास त्यानं ती राखाडी रंगाची जुनी गाडी घेतली. ती गाडी म्हणजे त्याचा दुसरा देव. आमच्यात दसऱ्याला कोयत्याला, कुदळीला हळदकुंकू लावतात, वर्षातून एकदा. ह्याचा दसरा दर मंगळवारी! आरती झाली की चावी घ्यायची, समईतल्या खोबरेल तेलात बुडवायची, वरून हळद, कुंकू, आणि तशीच ओली नेऊन गाडीत खुपसायची. मी म्हणायची, "परशा, अरे गाडी आहे की नवरी आहे?" तो नुसता हसायचा.

एक-दोन वर्षांत चावी अडायला लागली. कधी आत जाऊन फिरायचीच नाही, कधी फिरली तर बाहेर निघायची नाही. दुसरा कोणी असता तर मिस्त्रीकडे गेला असता. पण त्याच सुमारास एक गोष्ट घडली, आणि तिथून सगळं बिनसलं.

सकाळची रिमझिम होती. परशाला सुइयाक गावाला जायचं होतं. चावी लावली, फिरेना. पंधरा वेळा काढली, घातली, नाहीच. वैतागून घरात येऊन चहा पीत बसला. तेवढ्यात बातमी आली, सुइयाकच्या वाटेवरच्या उतारावर उसाच्या लॉरीचा ब्रेक गेला आणि समोरून येणाऱ्या दोन गाड्या तिनं चेपल्या. परशा कपबशी खाली ठेवून उठला आणि देव्हाऱ्यापुढे आडवा झाला.

आमचे पूर्वज कोकणातून जहाजानं ह्या बेटावर उसाच्या मळ्यांत राबायला आले ते येताना कौल घेऊन आले. देवाच्या पाषाणाला ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं, जाऊ का नको, करू का नको. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझी आजी कौल लावल्याशिवाय बीसुद्धा पेरत नसे. परशानं ते सगळं त्या चावीवर नेऊन बसवलं. चावी फिरली तर देव हो म्हणाला. अडली तर जायचं नाही. आणि गाव काय, गावाला तेवढंच हवं! लोक अंगणात येऊन म्हणायचे, "परशुराम, आम्ही उद्या पोरगी बघायला जातोय, जरा फिरव बघू चावी." मी चिडायची. पाकळीचं ठीक आहे, ती देवाच्या अंगावरून पडते. लोखंडाला काय डोंबल कळतंय?

पण खरं सांगते, हळूहळू मलाही भीती वाटायला लागली. कारण चावी अडली की त्या दिवशी काही ना काही व्हायचंच. कधी रस्त्यावर झाड आडवं, कधी दरड, कधी नदीला पाणी. चावी अडल्याचा आवाज मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा, कट्, कट्, कट्, आणि हातातलं काम थांबायचं.

परशाची बायको सत्यवती. शांत बाई, मान खाली घालून वावरणारी. त्यांची एकच मुलगी, राजलक्ष्मी, सात वर्षांची. तिला दमा होता. एकदा भर पावसात दुपारी पोरीचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. परशानं तिला गाडीत घातलं, चावी लावली. कट्, कट्.

"अहो, जोर लावा ना!" सत्यवती ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा ओरडली.

परशानं चावीवरचा हात काढून घेतला. चेहरा पांढराफटक. "सत्ये, देव नको म्हणतोय. नेलं तर वाटेत जाईल ती."

सत्यवतीनं पोरीला खांद्यावर टाकलं आणि पावसात रस्त्यावर पळाली. हरिलालची भाजीची व्हॅन चालली होती, तिच्यापुढे आडवी उभी राहिली. दवाखान्यात पोचली म्हणून पोर वाचली. परशा म्हणाला, "बघ, मी गाडी नेली नाही म्हणूनच वाचली." आयो, काय बोलायचं अशा माणसाशी! सत्यवतीनं पोरीला उचलून आत नेलं. पण त्यानंतर ती त्या चावीकडे बघायची ना, ते बघणं मला आवडायचं नाही.

पुढचं मला तिनं नंतर सांगितलं, म्हणून कळलं.

त्या फेब्रुवारीत, आमच्याकडच्या वादळांच्या दिवसांत, एका बुधवारी परशा भजनाला देवळात गेला, चालत. चावी देव्हाऱ्यात होती. सत्यवतीनं गुपचूप तुलसीरामला बोलावलं. तुलसीराम आमच्याच गावचा मिस्त्री. त्यानं दवाखान्यातली सुई नसलेली पिचकारी आणली होती. त्या पिचकारीनं त्यानं गाडीच्या कुलपाच्या भोकात पेट्रोल मारलं, चावी घालून हलवली, पुन्हा मारलं. आतून लाल-काळा चिखल गळायला लागला. पायाखालच्या रबरावर थेंब थेंब पडला. सत्यवती म्हणाली, "वन्सं, रक्तच वाटलं मला ते. एकदा वाटलं, नको, राहू दे म्हणावं."

"वैनी, ह्यात तेल घालायचं नसतं," तुलसीराम म्हणाला. "तेलात कुंकू बसलं, हळद बसली, धूळ बसली. ऊन असलं की कशीबशी फिरते. गारठा पडला, पाऊस आला, की तेल थिजतं, हळद-कुंकू फुगतं. पावसात जास्त अडत असेल, नाही का?"

"पावसातच अडते."

त्यानं सगळं सुकू दिलं, पेन्सिलीचं शिसं घासून त्याची पूड कागदाच्या नळीनं आत फुंकली आणि चावी फिरवली. आवाजसुद्धा आला नाही. "आता पाऊस असो, वादळ असो, फिरणार म्हणजे फिरणार," तो म्हणाला. सत्यवतीनं रबर धुतलं, चावी पुसून तिला पूर्वीसारखं कुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवली. तिला एवढंच हवं होतं, की पोरीला पुन्हा धाप लागली तर गाडी निघावी.

दुसऱ्या दिवशी चावी अलगद फिरली तेव्हा परशाचे डोळे भरून आले. "आका, देव प्रसन्न झाला गो!" मला हाक मारून त्यानं दाखवलं. मागे सत्यवती उभी होती. सांगेन सांगेन म्हणत होती ती, पण त्याचा आनंद बघून तिची जीभ रेटेना. आणि रागाचीही भीती होतीच.

रविवारी वादळाचा इशारा आला. पोलीस चौकीवर सकाळी एक लाल झेंडा होता, दुपारी दुसरा चढला, म्हणजे वादळ आणखी जवळ. वारा फार नव्हता, पण पाऊस असा की लिचीचं झाड दिसेना. बाबूरावकडे लग्न होतं आणि त्याची पाहुणेमंडळी खाली रिव्हिएर दे झांगिए गावात अडकली होती. बाबूराव भिजत आला. परशा म्हणाला, "माझं काय आहे? विचारून बघतो."

गाडीत बसला. मी माझ्या दारातून कान देऊन होते. अशा पावसात ती चावी कधीच फिरली नव्हती. मला खात्री होती, आता ऐकू येईल, कट्, कट्, आणि माझा भाऊ देवाला हात जोडत घरात येईल. आवाज आला तो इंजिनाचा.

"आका, हो म्हणाला!" काच खाली करून तो ओरडला आणि निघाला.

सत्यवती घरातून धावत आली. अनवाणी. गाडीमागे रस्त्याच्या वळणापर्यंत पळाली, हात हलवत, काहीतरी ओरडत. परशानं आरशात बघितलं असेल तर त्याला वाटलं असेल, बायको निरोप देतेय. परत आली ती थेट माझ्या दारात. "वन्सं, थांबवा त्यांना. कोणाला तरी पाठवा."

"अगो, चावी फिरली ना? मग कशाला घाबरतेस?" मी म्हणाले. हो, मीच म्हणाले.

ती तिथेच चिखलात खाली बसली.

खालच्या रस्त्यावर एक रादिए आहे. रादिए म्हणजे नदीतूनच काढलेली बुटकी फरसबंदी. पाणी चढलं की कुठे आहे ते दिसत नाही. एरवी परशा तिथे उतरून, काठी घालून पाणी बघायचा. त्या दिवशी पलीकडच्या दुकानदारानं पाहिलं, गाडी थांबलीसुद्धा नाही. देवानं हो म्हटल्यावर काठी कशाला घालील तो?

पाणी ओसरल्यावर गाडी खाली बांबूच्या बेटात सापडली. परशा आतच होता.

क्रियाकर्म झाल्यावर चौकीतला एक तरुण शिपाई त्याच्या वस्तू द्यायला आला. घड्याळ, गणपतीचा लहानसा फोटो, चावी. क्रेओल पोरगा, आमच्यातला नव्हे, पण भला होता. काय बोलावं त्याला कळेना, म्हणून काहीतरी बोलायचं तसं इथल्या क्रेओल बोलीत म्हणाला, "रात्रभर पाण्यात होती गाडी. मला वाटलं चावी निघायची नाही. पण चटकन आली, जरासुद्धा अडली नाही."

सत्यवतीनं हात पुढे केलाच नाही. राजलक्ष्मीनं घेतली चावी. मंगळवार होता. ती पोर देव्हाऱ्याकडे गेली आणि बाप करायचा तशी तिनं चावी समईच्या तेलावर धरली, आणि आईकडे बघितलं, विचारायला.

"बुडव, बाय," सत्यवती म्हणाली. "चांगली बुडव."