डोळे उघडे ठेवण्याची पाळी

मला याद्या करायची सवय आहे. सामानाची यादी, कामांची यादी, आणि कुठली यादी कुठे ठेवली आहे याचीही एक यादी. नर्सच्या नोकरीत ही सवय फार उपयोगी पडते. देवळात मात्र माझ्या एका यादीमुळे एका बाईचा बाप्तिस्मा वर्षभर अडला.

पन्नास सालानंतरची गोष्ट. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे तेव्हा मिळून एकच चांदा जिल्हा होता. आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका गावात मिशनचा लहानसा दवाखाना होता. मी तिथे रुजू झाले तेव्हा तेवीस वर्षांची होते. गावात ख्रिस्ती घरं चौदा, बहुतेक लाकडाच्या डेपोवर काम करणाऱ्यांची. आमचं देऊळ म्हणजे कुडाच्या कमरेएवढ्या भिंती, वर गवताचं छप्पर आणि दाराच्या जागी नुसती मोकळी जागा. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला मोहाचं भलंमोठं झाड. जागा निवडणाऱ्याने सावली पाहिली होती. चैत्रात त्या झाडाखाली फुलं खायला कोण येतं, याची चौकशी त्याने केली नव्हती.

अस्वल येतं.

पहिल्याच चैत्रात ते रविवारी आलं, तेही प्रार्थनेच्या वेळी. आमचे उपदेशकभाऊ मनाने साधे होते, पण त्यांची प्रार्थना लांब असे. पिकापासून पंतप्रधानांपर्यंत कोणालाही ते वगळत नसत. त्या दिवशी त्यांनी 'आमेन' म्हणून डोळे उघडले तेव्हा मागच्या तीन रांगा रिकाम्या होत्या. ती माणसं बाहेर, डेपोच्या खटाऱ्यावर चढून बसली होती. उपदेशकभाऊंना अस्वल दिसलंच नाही. माणसं प्रार्थनेला कंटाळून उठून गेली असं त्यांना वाटलं आणि पुढचा सगळा उपदेश त्यांनी निष्ठा या विषयावर केला.

पुढच्या रविवारपासून प्रार्थनेत कोणी डोळे मिटेना. उपदेशकभाऊंनी समजावून पाहिलं.

"राजासमोर आपण मान वर करून उभे राहतो का? देव तर राजांचा राजा. डोळे मिटणं हा त्याचा मान आहे."

डेपोवरचे एक म्हातारे मुकादम होते. त्यांना सगळे मुकादमभाऊ म्हणत. ते म्हणाले, "तहसीलदारासमोर डोळे मिटले तं त्याले वाटते, मानूस झोपला."

"देव तहसीलदार नाही, भाऊ."

"थे खरं हाय. देवाकडे डोळे मिटून पाहता येते. अस्वलाकडे नाई येत ना जी."

उपदेशकभाऊंनी पवित्र शास्त्र मिटलं. उपाय माझ्याकडे होता. मी दुपारी कागदावर रेघा आखल्या. दर रविवारी दोन माणसं डोळे उघडे ठेवतील, एक नदीकडे पाहील, एक मोहाकडे. बाकीच्यांनी खुशाल मिटावेत. खाली खुणा लिहिल्या: कुत्रं आलं तर एकदा खोकावं, बैल आला तर दोनदा, अस्वल आलं तर काठी आपटावी आणि मग ज्याने त्याने बघून घ्यावं. वर ठळक अक्षरांत मथळा दिला, 'प्रार्थनेत डोळे उघडे ठेवणे', आणि तो कागद देवळाच्या मधल्या खांबाला चिकटवला. मला त्या कागदाचा अभिमान वाटत होता.

ही व्यवस्था थंडी पडेपर्यंत उत्तम चालली. थंडीत सगळी मंडळी खोकू लागली. एका रविवारी प्रार्थनेदरम्यान मी मनात मोजलं तर देवळात एकोणीस बैल आणि सात कुत्री शिरलेली होती. शेवटी खोकल्याच्या खुणा रद्द करून फक्त काठी ठेवली.

दुसरी अडचण जास्त बिकट होती. पाळी कोणालाच नको असे. डोळे उघडे ठेवून केलेली प्रार्थना वर पोचत नाही, असं लोकांच्या मनाने घेतलं होतं. कोणाची मुलगी बाळंतपणाला आलेली, कोणाचा बैल आजारी. जो तो म्हणे, या रविवारी मला मिटू द्या, बाई, माझं काम आहे. यातून मार्ग मुकादमभाऊंनी काढला.

"मावशीले द्या ना पाळी. तिचा बाप्तिस्मा कुठी झाला हाय? तिनं मिटले काय अन् उघडे ठेवले काय."

मावशी म्हणजे दवाखान्यात झाडलोट करणारी विधवा बाई. पन्नाशीची, काटक, दोन शेळ्यांची मालकीण. तीन वर्षं ती न चुकता देवळात येत होती. पण बाप्तिस्मा देण्याचा अधिकार आमच्या उपदेशकभाऊंना नव्हता. तो नागपूरकडून वर्षातून एकदा, वाट सुकल्यावर येणाऱ्या मोठ्या पाळकसाहेबांना होता. आधीची दोन वर्षं शिकण्यात गेली, त्या वर्षी साहेबांची फेरी चुकली; मावशी पुढच्या फेरीची वाट पाहत होती. तिने पाळीला हो म्हटलं. मी यादीतली बाकीची नावं खोडली आणि प्रत्येक चौकोनात मावशीचं नाव लिहिलं. नदीकडेही तीच आणि मोहाकडेही तीच. ती मधोमध उभी राहून काठी घेऊन हळूहळू गोल फिरत असे. ती किती चोख काम करते, हे दिसावं म्हणून मी दर रविवारी तिच्या नावापुढे बरोबरची खूण करत असे.

वर्षभराने, मार्गशीर्षात, पाळकसाहेब आले. उंच, सडपातळ, चष्मा लावणारे, शिस्तीचे गृहस्थ. उपासनेआधी ते खांबापाशी थांबले, चष्मा सारखा केला आणि माझी यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

"सिस्टर, ही बाई कोण?"

"हिचाच आज बाप्तिस्मा आहे, साहेब," मी म्हणाले.

"प्रार्थनेत डोळे उघडे ठेवण्याची जिची वर्षभराची नेमणूक आहे, तिचा?"

मी अस्वलाचं सांगितलं. ते म्हणाले, "सध्या मार्गशीर्ष आहे. मला अस्वल दिसत नाही. मला दिसतोय तो देवाच्या घरातला पहारा." मग मावशीकडे वळून, रागाने नव्हे, पण ठामपणे म्हणाले, "बाई, देवासमोर डोळे मिटायला शिका. पुढच्या वर्षी पाहू."

मावशीने काठी कोपऱ्यात ठेवली. संध्याकाळी दवाखान्याची ओसरी झाडताना म्हणाली, "मले बी मिटाचेच होते, बाई. सगडे मिटून काय पाहून राह्यले, हे मले बी पाहाचं होतं."

यादी माझी, मथळा माझा, बरोबरच्या खुणाही माझ्या.

मी दुसऱ्या दिवशी नवीन यादी केली. मावशीचं नाव त्यात एकदाच होतं, अगदी वर, आणि त्यासमोर लिहिलं होतं: बाप्तिस्मा. खाली सतरा कामं. देवळाला बांबूची ताटी करून दार बसवणं, जमीन सारवणं, टेबलाला पांढरं कापड, उपासनेत वाटायच्या प्रभुभोजनाच्या पोळीसाठी गहू मिळवणं (आमच्याकडे सगळा भात, गहू थेट बल्लारपूरहून मागवावा लागे), गावातल्या सगळ्या शेळ्या बांधून ठेवणं. आणि सर्वांत अवघड काम, मावशीला डोळे मिटायला शिकवणं.

तुम्हाला वाटेल, त्यात काय शिकवायचं? पण वर्षभर राखण केलेल्या माणसाचे डोळे मिटून राहत नाहीत. दुपारी दवाखाना रिकामा झाला की मी मावशीला बाकावर बसवत असे. ती डोळे मिटे, मी हळूच वाटी खाली टाके. डोळे टक्क उघडत.

"मावशी!"

"वाटी पडली जी."

"पडू द्या. जग बुडालं तरी उघडायचे नाहीत."

"बुडून राह्यलं हे समजन कसं मंग?"

वाटीनंतर तांब्या, तांब्यानंतर बादली. उन्हाळ्यात एकदा दवाखान्याच्या कंपाउंडरने तिच्या मांडीवर कोंबडी आणून ठेवली. पापण्या थरथरल्या, पण उघडल्या नाहीत. दिवाळीपर्यंत ती इतकी तयार झाली की बादली पडली तरी नुसती म्हणे, "बादली." तेही मी बंद करवलं.

पुढच्या मार्गशीर्षात पाळकसाहेब लाकडाच्या ट्रकमधून आले. माझ्या यादीतली सतरा कामं पुरी झाली होती. खांबावर कागद नव्हता. गव्हाची पोळी ताटात, ताटावर रुमाल, शेजारी बाप्तिस्म्याच्या पाण्याचा तांब्या. मावशी स्वच्छ लुगडं नेसून माझ्या शेजारी, पहिल्या रांगेत. पाळकसाहेबांनी सगळीकडे पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. मग त्यांची नजर ताटीकडे गेली.

"देवाचं घर बंद कशाला? उघडा ती ताटी."

उघडली. यादीत याला उत्तर नव्हतं.

मग ते म्हणाले, "आपण सर्व डोळे मिटू या," आणि 'सर्व' म्हणताना त्यांनी मावशीकडे पाहिलं. मावशीने डोळे मिटले. तिने मिटल्याची खात्री करून मग मी माझे मिटले.

प्रार्थना आमच्या उपदेशकभाऊंच्या प्रार्थनेपेक्षाही लांब होती. बऱ्याच वेळाने पुढून एक बारीक आवाज येऊ लागला. कुरूम, कुरूम. छपरात उंदीर असेल, असं मी मनात म्हटलं. तेवढ्यात मावशीने माझा दंड धरला आणि तिची नखं माझ्या कातडीत रुतली. पाळकसाहेबांचा आवाज एकाएकी घाईचा झाला. आणि मग त्या प्रार्थनेत मी आजवर कुठल्याही प्रार्थनेत न ऐकलेला शब्द आला.

"हे दयाळू पित्या, आम्हांला संकटापासून, हाट! हाट्! संकटापासून दूर ठेव, आमेन."

डोळे उघडले तर ताट रिकामं. रुमाल जमिनीवर. देवळात आमच्याशिवाय कोणी नाही. उपदेशकभाऊ आधी ताटाकडे आणि मग वर छपराकडे बघू लागले. मागून एक बाई कुजबुजली, "देवानंच नेली का वं पोळी?" दोघीतिघी पुन्हा गुडघ्यांवर बसल्या.

"देवाने नाही," पाळकसाहेब म्हणाले. "शेळीने. काळी शेळी, डावा कान फाटलेला."

मग मुकादमभाऊ उठले. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"साहेब, तुमाले कान कसा दिसला जी?"

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. मग ते मावशीकडे वळले. डावा कान फाटलेली काळी शेळी कोणाची, हे साऱ्या गावाला माहीत होतं आणि साऱ्या गावाच्या माना आधीच तिच्याकडे वळल्या होत्या.

"बाई, शेळी तुमची?"

"माहीच जी. सकाळी बांधली होती म्या. दोर चावला असन तिनं."

"तुम्ही डोळे उघडले होते?"

"नाई जी. चावन्यावरून समजलं. थे एकाच बाजूच्या दाढेनं खाते."

"समजलं, तर हाकललीत का नाही?"

"हाकलाचं तं पाहा लागते ना. तुमी मिटा म्हटलं." वर्षभराच्या सरावाचे सगळे कष्ट तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. "पन तुमचे उघडेच होते, तं तुमी काऊन नाई हाकलली?"

उपदेशकभाऊंनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, आता आणखी एक वर्ष गेलं. वाटी, तांब्या, बादली, कोंबडी, सगळं वाया गेलं.

पाळकसाहेबांनी जमिनीवरचा रुमाल उचलून रिकाम्या ताटावर टाकला. मग म्हणाले, "मी प्रार्थनेत होतो, बाई." आणि थोड्या हलक्या आवाजात, "म्हणजे, असायला हवं होतं."

मग त्यांनी मावशीला पुढे बोलावलं. ती गुडघ्यांवर बसली. त्यांनी तांब्या उचलला, परत खाली ठेवला आणि दाराकडे पाहिलं. मोहाच्या झाडाखाली काळी शेळी उभी होती. पोळी संपली होती, पण तिची आशा संपली नव्हती.

"सिस्टर," ते म्हणाले, "काठी आहे का?"

काठी कोपऱ्यात होती. मी ती उचलली आणि दारात जाऊन उभी राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या पाळ्यांच्या यादीत मी चौदा घरांची नावं लिहिली होती, मावशीचं तर वर्षभर लिहिलं होतं, पण माझं एकदाही नाही. यादी करणाऱ्याचं नाव यादीत नसतं, असं मी धरूनच चालले होते.

सगळ्यांनी डोळे मिटले. पाळकसाहेबांनीही, या वेळी घट्ट. मिटलेल्या डोळ्यांची एवढी माणसं मी आधी कधी पाहिली नव्हती. मुकादमभाऊंचे ओठ हलत होते. उपदेशकभाऊंच्या गालावरून पाणी ओघळत होतं. मावशीच्या केसांवर तीन वेळा पाणी पडलं, ते कपाळावरून पापण्यांवर आलं, आणि त्या पापण्या जराही हलल्या नाहीत. शेळीने एक पाऊल पुढे टाकलं. मी काठी उगारली. तिने पाऊल मागे घेतलं.

'आमेन' झालं. सगळ्यांनी डोळे उघडले. मावशीने उघडले नाहीत.

"मावशी," मी दारातूनच म्हणाले, "झालं. उघडा आता."

"शेळी कुठी हाय?"

"बाहेर. माझं लक्ष आहे."

"मंग थांबा जी जरासं," ती म्हणाली. "आत्ताच तं मिटले."

आम्ही थांबलो.