तुम्ही पाठवलेलं दाताचं मशीन

मुलांनो, दर रविवारी फोनवर तुम्ही विचारता की ते मशीन चालतं का, आणि मी 'चालतं' एवढंच म्हणून तुमच्या शाळेचं विचारायला लागते. आजी टाळते, असं तुम्हाला वाटत असेल. टाळतेच. फोन येतो तेव्हा तुमचे आजोबा शेजारच्या खुर्चीत असतात. त्यांना सगळं ऐकू येतं, सगळं समजतं, फक्त फारसं बोलता येत नाही. माणूस समोर बसलेला असताना त्याच्या तोंडाविषयी आणि थुंकीविषयी त्याला वगळून बोलणं मला जमत नाही. परवा तुमची आई म्हणाली की तुम्ही याहून चांगलं दुसरं मशीन पाठवायचं ठरवलं आहे. ते येण्याच्या आत तुम्हाला सांगायला हवं, म्हणून आज लिहायला बसले. आजोबा झोपले आहेत. मलाही झोप येते आहे, पण हे राहून जायला नको.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. छावणीतल्या ज्या शाळेत मी शिकले तिथं मराठी बोललं की बाकावर उभं करायचे, त्यामुळे माझं इंग्रजी बरं आहे. पण यात एक गोष्ट अशी आहे की ती इंग्रजीत समजावून सांगण्यातच अर्धं पान गेलं असतं. तेव्हा अडेल तिथं आईला विचारा.

आजोबांची उजवी बाजू पावसाळ्यात गेली, हे तुम्हाला माहीत आहे. उजवा हात मांडीवर ठेवला की तिथंच राहतो. बोलणं जवळजवळ गेलं, थोडेसे शब्द उरले. पण सवयी सगळ्या जागच्या जागी होत्या. तोंड धुतल्याशिवाय चहाच काय, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, ही त्यांची सगळ्यांत जुनी सवय. पाटबंधारे खात्यात असताना धरणाच्या कामावर तंबूत राहायचे, तिथंही मोडली नाही. घरी रोज सकाळी मागच्या बेसिनपाशी दार लावून घ्यायचे. आधी दात, मग जीभ, मग चुळा. चुळांचा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू जायचा, पण ते सगळं करताना मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. आणि सगळं उजव्या हातानं. डावा हात तोंडाला लावायचा नाही, हे त्यांच्या घरी चालायला लागल्यापासून शिकवलेलं. तुमच्याकडे संडासात कागद असतो. आमच्याकडे पाणी आणि डावा हात असतो, म्हणून.

दवाखान्यातून गारखेड्याला घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले. त्यांनी मान वळवली. म्हणाले, "आधी तोंड." बरोबर होतं. मी ब्रश आणि वाटी आणली, तर ओठ मिटलेले. दुसऱ्या कुणी आपल्या तोंडात हात घालायचा नाही. मग तोंड नाही म्हणून चहा नाही, चहा नाही म्हणून गोळ्या नाहीत. दुपार होईपर्यंत भूक वरचढ व्हायची. मग भिंतीकडे तोंड करून न धुतलेल्या तोंडानं जेवायचे, आणि ती शरम मला बघवत नसे. उजव्या गालात घास राहायचा. त्या बाजूला काही कळतच नाही त्यांना.

व्हायचं ते झालं. ताप आला, छातीत कफ भरला, परत दवाखाना. निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. तोंडातली घाण गिळताना चुकीच्या नळीत उतरते आणि फुफ्फुसात जाते, असं त्यांनी समजावलं. मग म्हणाले, "आजी, तोंड रोज स्वच्छ झालंच पाहिजे. पुन्हा असा कफ भरला तर या वयात मी काही खात्री देऊ शकत नाही." त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. वर चूळ भरायलाही बंदी झाली, ठसका लागतो म्हणून.

हे तुमच्या आईनं तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही ते मशीन पाठवलं. दिवाळीचे फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचे होते तेव्हा पार्सल आलं. पांढरी मूठ एकच आणि वर बसवायचे भाग निरनिराळे: ब्रश, पाण्याची धार सोडणारी नळी, हिरड्या चोळायचं रबर, जीभ घासायची पट्टी. कोणाचं कोणतं ते कळावं म्हणून रंगीत कड्या. सोबतचं पुस्तक मी चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, इशाऱ्यांच्या पानांसकट. निळी कडी माझी आणि हिरवी आजोबांची, असं ठरवलं. तुमचा विचार चांगला होता. एका खर्चात दोघांची सोय, असं तुमच्या चिठ्ठीत होतं.

घरी सकाळी एक बाई येतात, आजोबांना उठवायला, अंग पुसायला. पैठण रोडकडच्या एका गावातून येतात. त्यांच्या घरी मेंढरं होती, अजून सासरे थोडी घेऊन फिरतात. या बाई तोंडानं फटकळ आहेत पण हात मऊ आहे. आजोबांचे मिटलेले ओठ बघून एकदा त्यांच्यासमोरच म्हणाल्या, "बाबा, मेंढराचं तोंड उघडायला लई सोपं असतंय. गालाच्या फटीतून अंगठा घातला की बास. घालू का?" आजोबांनी असे डोळे वटारले की त्या हसत हसत बादली घेऊन बाहेर गेल्या. त्यानंतर चार दिवस त्या खोलीत आल्या की आजोबा ओठ आणखीच घट्ट मिटायचे.

चूक माझी झाली ती अशी. मला वाटलं, अनोळखी वस्तू तोंडाजवळ नेली तर ते घाबरतील, आधी दाखवावं. मी त्यांच्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसले आणि निळ्या कडीचे भाग लावून सगळं माझ्या तोंडात करून दाखवलं. पाण्याची धार आधी आरशावर गेली, मग माझ्या चष्म्यावर. बाई दारात उभ्या राहून हसत होत्या. आजोबांच्या ओठाचा डावा कोपराही वर गेला. पुष्कळ दिवसांनी गेला. मला वाटलं, जमलं. मी मूठ धुतली, पुसली, हिरवी कडी लावली आणि त्यांच्याजवळ नेली.

ओठ मिटले.

मी विचारलं, काय झालं. ते मुठीकडे बघत राहिले. शब्द शोधायला त्यांना वेळ लागतो, मी थांबले. मग म्हणाले, "उष्टं."

हीच ती इंग्रजीत न मावणारी गोष्ट. एकाच्या तोंडाला लागलेलं दुसऱ्यानं तोंडाला लावायचं नाही. घाण असते म्हणून नाही. धुतलं की जाते ती घाण; उष्टं धुतल्यानं जात नाही. पुस्तक लिहिणाऱ्यांना वाटलं कडी बदलली की झालं. पण आजोबांनी माझ्या तोंडातलं पाणी मुठीवरून माझ्या कोपरापर्यंत ओघळताना पाहिलं होतं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी त्यांच्या उष्ट्या ताटात जेवले, तशीच रीत होती. ती त्यांनीच बंद केली. एक दिवस स्वतः उठून माझं वेगळं ताट मांडलं आणि सासूबाईंकडे बघितलंसुद्धा नाही. पण माझं उष्टं त्यांच्या तोंडात, हा प्रश्नच कधी आला नव्हता. तो या वयात, अशा वेळी आला.

मी चिडले. तुमच्यासाठीच शिकत होते ना, असं काहीतरी बोलले. त्यांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी त्यांना टोमणा मारला, "जलमभर हिच्या हातचं खाल्लं, अन् आता मशीन उष्टी झाली व्हय?" पुढं माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या की थोडं गोमूत्र शिंपडा आणि द्या, काय होतंय. मी नाही म्हटलं. त्याऐवजी आजोबांसमोर स्पिरिटनं मूठ पुसली, एकदा नाही, रोज. ते माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे की बिचारीला कळत नाही.

कोरी मूठ मिळाली तर प्रश्नच नको, म्हणून रिक्षा करून औरंगपुऱ्यात गेले. दोन-तीन दुकानं फिरले. शेवटच्या दुकानदारानं मी नेलेला फोटो बघितला आणि म्हणाला, "अम्मा, ये तो बाहर का आयटम है. इधर कोई नहीं रखता." साधा ब्रश मात्र दिला. तो घेऊन घरी आले तर त्यालाही नकार. मशीन नव्हे, माझा हातच तोंडाबाहेर ठेवायचा होता, हे मला त्या दिवशी पुरतं कळलं. गुडघे इतके दुखत होते की चप्पल काढायलाही वाकवेना.

नंतर एका संध्याकाळी अंग कोमट लागलं. ताप फार नव्हता, पण खोकताना छातीत आवाज येत होता. डॉक्टरांना फोन केला. उद्या वाढला तर घेऊन या, म्हणाले. तुमच्या आईला मी कळवलं नाही. कळवून तिनं तिकडून काय करायचं होतं?

दुसऱ्या दिवशी बाई येणार नव्हत्या, त्यांच्या भाचीचं लग्न होतं. त्यात तो पाण्याचा दिवस. आमच्याकडे नळाला आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा पाणी येतं. त्या वेळी भरलं नाही तर पुढं टँकर. मी चहा आणि गोळ्या घेऊन गेले. "आधी तोंड," म्हणाले. मी वाटी धरली, मशीन तोंडाशी नेलं, ओठ मिटले. तेवढ्यात खालून शेजारणीचा आवाज आला, "काकू, पाणी आलं हो."

मी ओरडले नाही. ओरडायलाही ताकद लागते. मशीन त्यांच्या मांडीवरच्या पंच्यावर ठेवलं, इतर भागांची डबी शेजारच्या स्टुलावर उघडी होती ती तशीच राहू दिली आणि म्हटलं, "माझ्याच्यानं आता होत नाही हो. तुम्हाला काय करायचं ते करा." आणि खाली गेले.

खालचं पिंप भरायला लावलं, मग दोन बादल्या वर नेल्या. मध्येच जिन्यात पालथ्या बादलीवर बसले. रडले वगैरे नाही. नुसती बसले. कुणी येऊन उठवू नये एवढंच वाटत होतं. उठले तेव्हा पिंप वाहून जिन्याखाली पाणी झालं होतं.

वर आले. आजोबांनी मूठ गुडघ्यांत दाबून धरून ब्रश काढला होता आणि त्या जागी जिभेची पट्टी बसवली होती, एका हातानं. आता मूठ त्यांच्या डाव्या हातात होती आणि पट्टी जिभेवर. बटण दाबलेलं नव्हतं. हात सवयीचा नाही म्हणून हनुवटीवर आपटत होता, सदरा गळ्यापाशी ओला झाला होता. मूठ तीच, माझी उष्टी. आणि हात डावा.

मी धरायला पुढं झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पट्टी बाहेर काढली आणि म्हणाले, "तू बस."

मी पलंगाच्या कडेवर बसले. त्यांनी सावकाश, पूर्वी करत असतील तशी, मागून पुढं जीभ घासली. वाटीत थुंकले. मग मूठ माझ्या हातात दिली आणि आपणहून तोंड उघडलं. मी ब्रश लावला आणि बटण न दाबता दात घासून दिले. उजव्या गालातून रात्रीचा भात निघाला. ओल्या कापडानं आतून पुसून घेतलं. त्यांनी डोळे मिटलेले होते, पण तोंड उघडं ठेवलं. चहा गार झाला होता, तो गरम करून चमच्यानं पाजला, मग गोळ्या.

संध्याकाळी ताप वाढला नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर घरी येऊन छाती तपासून गेले. दवाखान्यात न्यावं लागलं नाही. तोंडात बघून म्हणाले की छान ठेवलंय तोंड, असंच चालू द्या. आजोबा खिडकीबाहेर बघत राहिले. बाई लग्नाहून परत आल्या, त्यांना मी काही सांगितलं नाही. त्यांनी आजोबांच्या डाव्या हातातली मूठ बघितली आणि, कसं कोण जाणे, टोमणा न मारता बादली भरायला गेल्या.

तेव्हा दुसरं मशीन पाठवू नका. पाण्याची नळी डॉक्टरांनी नको म्हटली आहे, ठसका लागेल म्हणून. रबराचा भाग हिरड्यांना टोचतो. मोटार लावली की डोक्यात घुमतं, असं ते खुणेनं सांगतात. मी माझ्यासाठी साधा ब्रश घेतला आहे. आणि फोनवर मशीनचं विचारू नका. आजोबांना क्रिकेटचं विचारा, शेजारी बसून ते सगळं ऐकतात.

रोज जमतं असं नाही. काही सकाळी अजूनही ओठ मिटतात आणि मी थोडा वेळ बाहेर जाऊन बसते. थकवा गेलेला नाही, जाईल असं वाटतही नाही. जिभेची पट्टी आणि ब्रश हे दोन भाग वापरात आहेत. आजोबांचा डावा हात चालतो. छाती सध्या साफ आहे.