भिंतीवर उरलेली आकृती

माझा मामा एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायचा. खिडकीजवळचं टेबल, लाल शाईचं पेन आणि समोर ओल्या शाईच्या वासाचे कागद. ऑफिसात त्याला सगळे 'ऱ्हस्वदीर्घ' म्हणत, अगदी तोंडावर. त्याला राग यायचा नाही. लग्नाचं कुणी काढलं की माझी आई म्हणायची, "नको रे बाबा, हा बायकोच्याही चुका काढत बसेल."

कॉलेजची तीन वर्षं मी त्याच्याकडे राहिले, त्याच्या दोन खोल्यांत. रविवारी तो घरी सापडायचा नाही. स्कूटर काढायचा आणि जुनी देवळं बघायला जायचा. मोठी, गर्दीची देवळं त्याला नको असत. आपल्या या दक्षिणेत हजार वर्षांची अशी कितीतरी देवळं आहेत की ज्यांच्यापर्यंत रस्ता नाही, पाटी नाही. शेतात कमरेइतकं खचलेलं शिवमंदिर, गोठ्याच्या भिंतीला टेकलेला विष्णूचा गाभारा, माणसं उठून गेलेल्या गावातली जैन बस्ती. बस्ती म्हणजे जैनांचं देऊळ, हे त्यानेच मला सांगितलं. परत आला की एरवी घुम्यासारखा राहणारा हा माणूस दोन दिवस बोलत सुटायचा.

पुढे संपादकांनी त्याला रविवारच्या पुरवणीत जागा दिली. मामा लिहू लागला आणि वाचकांची पत्रं येऊ लागली. पन्नाशीला आलेला माणूस, पण पत्र आलं की शाळकरी पोरासारखा लाजायचा.

अशाच एका रविवारी त्याला एक बस्ती सापडली. बाहेरून नुसता दगडांचा ढीग आणि वर उगवलेलं झुडूप. आत मात्र काळ्या दगडाचे गोल खांब, इतके गुळगुळीत की त्यात स्वतःचं तोंड दिसावं. मामा एका खांबात वाकून बघत होता, तेव्हा त्याला आपल्या चेहऱ्यामागे दुसरा चेहरा दिसला. तो दचकून वळला. हातात केरसुणी घेतलेली एक बाई उभी होती.

तिचं शेत शेजारीच होतं. ती जैन नव्हती. गावात आता जैनांचं एकही घर उरलं नव्हतं. पण तिची सासू ही बस्ती झाडायची, म्हणून तीही झाडायची. आत पार्श्वनाथांची उभी मूर्ती होती, डोक्यावर नागाचा फणा, हात सरळ खाली सोडलेले. ती रोज ओल्या फडक्याने मूर्ती पुसायची. मामाचा चष्मा बघून तिने त्याला मास्तर ठरवून टाकलं आणि शेवटपर्यंत मास्तरच म्हणत राहिली. तो तिला मावशी म्हणायचा.

मामाने कॅमेरा काढला तेव्हा ती म्हणाली, "फोटो नको, मास्तर. आणि लिहू पण नका. इथं कुणी येत नाही, तेच बरं आहे."

मामाने कॅमेरा आत ठेवला. पण लिहिलं. मला म्हणाला, "फोटो नाही काढला ना? मग शब्दांनी कुणाचं काय बिघडतं?" त्याने तो लेख चार वेळा तपासला. कुठल्या वळणावर उतरायचं, विहिरीनंतर कुठला बांध धरायचा, सगळं आलं होतं.

दीड महिन्याने मूर्ती चोरीला गेली. चोरांपैकी एक जण लगेच पकडला गेला, पण मूर्ती तोवर पुढे गेली होती. पोलिसांनी मामाला बोलावलं आणि त्याच्यासमोर एक चुरगळलेलं कात्रण ठेवलं. त्याचाच लेख होता. वाटेच्या खुणांखाली पेन्सिलने रेघा ओढलेल्या होत्या. मूर्तीचा फोटो आहे का, असं त्यांनी विचारलं. मामा नाही म्हणाला.

घरी आला आणि हातपाय न धुता खुर्चीत बसला. म्हणाला, "एकही चूक नव्हती गं त्यात."

पुढच्या रविवारी मी त्याच्याबरोबर गेले. मावशी झाडत होती. तिने आम्हाला दोष दिला नाही, शिव्याही दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मामाला हलकं वाटलं असतं. ती नुसती बाजूला झाली. गाभाऱ्याची मागची भिंत शेकडो वर्षांच्या धुराने काळी पडली होती, आणि जिथे मूर्ती उभी होती तिथे दगड फिका राहिला होता. डोकं, खांदे, खाली सोडलेले हात. भर दुपारी, लख्ख उजेडातून आत आल्यावर वाटायचं की अंधारात कुणीतरी उभं आहे आणि आपण जवळ जायची वाट बघतंय. मावशीने फडकं ओलं केलं आणि ती आकृती पुसली, पायांपासून वरपर्यंत. तेव्हा मामा बाहेर निघून गेला.

त्याने लिहिणं सोडलं. पण रविवारी जाणं सुटलं नाही, आणि जायचा तो त्याच एका ठिकाणी. आता मावशीबरोबर तोही झाडायचा. घरी चहा पिता पिता मध्येच थांबायचा आणि मला विचारायचा, "जिन्यात कोण झाडतंय?" मी दार उघडून बघायची. जिना रिकामा असायचा. ऑफिसातही त्याला तो आवाज येऊ लागला. यंत्रांच्या धडधडीत केरसुणीचा आवाज कसा ऐकू येईल, असं सहकारी म्हणाले. मग त्याने सांगणंच बंद केलं. त्याच्या हातून आता चुका सुटू लागल्या. 'ऱ्हस्वदीर्घ' म्हणायचं लोकांनी आपणहून सोडून दिलं.

नऊ वर्षांनी सरकारी कार्यालयातून बोलावणं आलं. कुठल्याशा गोदामात दहा-बारा मूर्ती सापडल्या होत्या, त्यात एक पार्श्वनाथ होता. फणा फुटलेला, बैठक नाही. अशा मूर्ती खूप असतात, म्हणून ओळखणारं माणूस हवं होतं; ओळख पटली की मूर्ती परत जागेवर जाणार होती. मामा मावशीला घेऊन गेला. एव्हाना तिला जवळजवळ दिसेनासं झालं होतं.

अधिकारी भला माणूस होता. त्याने खुर्ची दिली, पण ती बसली नाही. तिने मूर्तीवरून हात फिरवला, पायांपासून वरपर्यंत, पुसायची तसाच. मग हात पदराला पुसला आणि म्हणाली, "हा तो नाही."

अधिकाऱ्याने मामाकडे बघितलं. मामा म्हणाला, त्या म्हणतात तेच खरं.

परतीच्या बसमध्ये तास गेला. मग मावशीच म्हणाली, "तोच होता, मास्तर."

"मग नाही का म्हणालात?"

"तिथं दाराला कुलूप आहे. पहारा आहे. आपल्याकडे काय आहे? मी आणि तुम्ही."

पुढच्या वर्षी ती गेली. ही गोष्ट आता एकट्या मामाजवळ राहिली.

मला त्याने ती सांगितली चार वर्षांनी, एका संग्रहालयात. माझं लग्न झालं होतं, नोकरी लागली होती, महिनोन्महिने भेट व्हायची नाही. एक दिवस फोन करून म्हणाला, चल, तुला काहीतरी दाखवतो. दुसऱ्या दालनात, काचेमागे, वरून दिव्याचा झोत सोडलेली ती मूर्ती होती. खाली पाटी: 'पार्श्वनाथ. काळा पाषाण. स्थान अज्ञात.' मामाने सगळं सांगितलं, हळू आवाजात, काचेवरची नजर न काढता.

मी म्हटलं, "आपण सांगू या ना. आता तरी."

"मावशीला विचारायला हवं," तो म्हणाला, जणू ती बाहेर व्हरांड्यात बसली आहे.

मूर्ती स्वच्छ होती, सुरक्षित होती. लोक येत होते, पाटी वाचून पुढे जात होते. मी त्या अर्धमिटल्या डोळ्यांकडे बघत राहिले आणि मला सारखी ती भिंत आठवत राहिली. असं वाटलं की मूर्ती इथे आणली खरी, पण तिथे जे उभं होतं ते अजून तिथेच आहे.

मामा त्यानंतर तीन वर्षं जगला. गुडघे गेले तरी रिक्षा करून बस्तीत जायचा. शेवटी अंथरुणाला खिळला तेव्हा त्याने माझ्याकडून कसलंही वचन घेतलं नाही. फक्त एकदा म्हणाला, "रविवार आहे का आज?" मी हो म्हटलं. त्याने मान भिंतीकडे वळवली.

तो गेल्यानंतर मी एकदा बस्तीत जाऊन आले. दारात पाचोळा साचला होता, कोळ्यांनी जाळी विणली होती. फिकी आकृती आता धूसर झाली होती, पण होती. मी केरसुणी नेली नव्हती. हातानेच थोडा पाचोळा बाजूला केला आणि पाठ न फिरवता, पाऊल मागे टाकत बाहेर आले.

त्या सरकारी कार्यालयाच्या पायऱ्यांपर्यंत मी दोनदा गेले आहे. एकदा तर अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला होता. वर चढले नाही. सांगितलं तर मावशी खोटी ठरते. नाही सांगितलं तर मामा सुटत नाही. नवरा म्हणतो, जाऊ दे, जुनी गोष्ट झाली. बरोबर आहे त्याचं. पण तो शेजारी पेपर वाचत असतो, आणि मी विचारते, "जिन्यात कुणी झाडतंय का?"