कोपराची जागा

दार उघडं ठेवून, बाहेर वाकून बघत मी व्हॅन मागे घेतली आणि माझ्याच बाजूचं दार फाटकावर आदळून मोडलं. व्हॅन वडिलांची. ते गेले, तरी त्या दाराला आतून त्यांच्या कोपरानं झिजवलेली जागा होती. मीही तिथंच कोपर टेकवायचो.

भंगारबाजारात जुनी दारं ओळीनं उभी होती. गंजबिंज न बघता मी प्रत्येकावर कोपर टेकवून पाहत सुटलो. एकावर तशीच झीज सापडली. कुणीतरी वर्षानुवर्षं इथं हात ठेवून रस्ता पाहिला असेल. माणूस उतरून जातो, त्याचं टेकणं मागे राहतं.

"हेच द्या," मी म्हणालो.

दुकानदार म्हणाला, "काका, हे डाव्या बाजूचं आहे. तुमच्या हातात गाडी दिली तरी कोणी?"