काकींच्या दाराचं कुलूप

आमच्या लालबागच्या चाळीत दिवसा कुणाच्या दाराला कडीसुद्धा नसायची. शेजारच्या काकी मात्र दुपारी चपात्या लाटायच्या कामाला जाताना बाहेरून कुलूप लावायच्या आणि काका आत असायचे. ते मला बघवत नसे. मी तेव्हा सहावीत होते.

काका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. संपानंतर गिरणी पुन्हा उघडलीच नाही आणि काही वर्षांनी काका एकेक गोष्ट विसरू लागले. लोक म्हातारचळ म्हणत. या आजाराला अल्झायमर म्हणतात हे मला आता कॉलेजात कळलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. हे नीट मांडता येईल की नाही, ठाऊक नाही. पण राग अजून गेलेला नाही.

काका सगळं विसरले, संप नाही विसरले. त्यांच्या डोक्यात तो चालूच होता. मिटला का ते बघायला ते गिरणीच्या फाटकाकडे निघत आणि परतीची वाट चुकत. म्हणून कुलूप.

"काकी, दुपारी आम्ही पोरं काकांजवळ बसतो," मी म्हटलं.

"आणि ते निघाले तर?"

"एकदा बघा तरी."

शिंप्याकडून आम्ही धाग्यांचे तुकडे मागून आणले. साच्यावर तुटलेला धागा जोडायची सवय काकांच्या बोटांत होतीच. ते गाठी मारत बसायचे. मध्येच विचारायचे, "संप मिटलो काय गो?"

आम्ही एका सुरात सांगायचो, "नाही काका, चालू आहे!"

"मगे बसा. मागे सरूचा नाय."

आणि ते बसायचे. कुलूप खुंटीला लटकत राहिलं.

गणपतीत मंडळाने आम्हा पोरांचा सत्कार ठरवला. अध्यक्ष म्हणाले, "काकांनाही आणा." हा माणूस काकींच्या उंबऱ्यावर एक दुपार बसला नव्हता. काकी नको म्हणाल्या, तर म्हणाले, "वहिनी, देवाच्या कामाला नाही म्हणू नये."

स्टेजवर आमच्या खांद्यावर शाली पडल्या, फोटो निघाला. समोरची गर्दी आणि माईक बघून काकांना ती फाटकावरची सभाच वाटली. ते उठले, हात जोडून अध्यक्षांना म्हणाले, "सायबानू, संप मिटलो?"

"चालू आहे, काका!" मी ओरडले.

अध्यक्षांनी माईक तोंडाशी धरला. "मिटला, काका! उद्या पहिली पाळी! डबा घेऊन या!"

सगळा मांडव हसला. हसणाऱ्यांत निम्मे गिरणी बंद पडल्यानेच घरी बसलेले होते.

एवढं मात्र काका विसरले नाहीत. पहाटे काकींना जाग यायच्या आत ते रिकामा डबा घेऊन निघाले. संध्याकाळी शिवडीला सापडले, अनवाणी, डबा छातीशी धरून.

काकींनी खुंटीवरचं कुलूप काढलं. "तुझ्यावर राग नाय गो बाय. पण आता धीर होत नाय."

मी अध्यक्षांकडे गेले. ते म्हणाले, "अगं, गंमत केली. त्यांना काय कळतं?"

"कळलं म्हणूनच गेले ना!"

 त्यांच्याकडून आईला निरोप आला, पोरीला वळण लावा.

आम्ही खिडकीच्या गजांतून धागे देऊ लागलो. आतून काका विचारायचे, संप मिटला का. आम्ही सांगायचो, चालू आहे.

"मगे माका कोंडल्यानी कित्याक?"

आम्ही पुढचा धागा आत सारायचो. काकांना का कोंडलं, याचं उत्तर ज्यांनी द्यायला हवं होतं, त्यांच्या मंडळाच्या कार्यालयात आमचा शाली पांघरलेला फोटो अजून टांगलेला आहे.